दुसरा कागद

ऑनलाइन डिझाइन शिक्षणाची खरी शाळा गावात कुठे भरते, हे पाहायचे असेल तर सोनईच्या चौकातले फ्लेक्स पाहावेत. वाढदिवसाच्या शुभेच्छा, अखंड हरिनाम सप्ताहाचे निमंत्रण, कृषी सेवा केंद्राचे उद्घाटन, दहावीत पहिली आलेल्या मुलीचे अभिनंदन. नेवासा तालुक्यातल्या या मोठ्या गावाला मुळा सहकारी साखर कारखाना आहे, शिक्षणसंस्था आहेत आणि शनि शिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांची बारमाही वर्दळ आहे. पाट्या, पत्रके, पिशव्या, लेबले यांची गरज इथे कधी संपत नाही.

गावोगावचे असे कितीतरी फलक आज मोबाईलवरच तयार होतात. त्यासाठी पिक्सेललॅब नावाचे ॲप वापरतात आणि त्याच्या जोडीला असते ‘पीएलपी फाईल’. ही फाईल म्हणजे कुणीतरी आधीच केलेली मांडणी. मागे केशरी झळाळी, खाली फुलांची माळ, उजवीकडे फोटोची चौकट, मधे सोनेरी कडा असलेले नाव. फाईल उतरवून घ्यायची, फोटो बदलायचा, नाव बदलायचे की फलक तयार. हे सगळे मराठीतून दाखवणारे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत. पोरगा एका संध्याकाळी शिकतो आणि थोड्याच दिवसांत गावातले पहिले काम घेतो.

या प्रकाराला नाक मुरडणाऱ्यांशी माझे जमत नाही. फुकट, मातृभाषेत, हातातल्या फोनवर आणि शिकता शिकता चार पैसे मिळवून देणारे दुसरे कुठले डिझाइन शिक्षण ग्रामीण महाराष्ट्रात इतके पसरले आहे? अडचण पुढच्या पायरीवर येते. त्या मुलाला कोणते बटण कुठे आहे हे पक्के ठाऊक असते. पण मोटारसायकलवरून जाणाऱ्याला फलकावरचे गावाचे नाव का वाचता येत नाही, हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो. दोन वर्षांनी त्याचा हात वेगवान होतो, पण नजर पहिल्या महिन्यात होती तिथेच राहते. ऑनलाइन डिझाइन शिक्षणाची खोली वाढवायची म्हणजे काय करायचे, याचा विचार मला या मुलापासून सुरू करावासा वाटतो.

दुसऱ्या टोकाला पवई आहे. आयआयटी मुंबईत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. आज ते आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन म्हणून ओळखले जाते. तिथले प्राध्यापक रवी पूवैया यांच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या मदतीतून ‘डी’सोर्स’ हा मोठा उपक्रम उभा राहिला. डिझाइनचे पाठ, कारागिरांच्या कामाची सचित्र नोंद, प्रकल्पांची उदाहरणे हे सारे तिथे कुणालाही विनामूल्य पाहता येते. एनपीटीईएल आणि २०१७ पासून ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणमंचांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे डिझाइनचे अभ्यासक्रमही आहेत. सोनईच्या मुलीला पवईचा वर्ग घरबसल्या ऐकता येतो, ही तीस वर्षांपूर्वी स्वप्नातही नसलेली गोष्ट आहे.

पण ऐकता येणे आणि शिकता येणे यांत फरक आहे. एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रासाठी साधारणपणे साप्ताहिक स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या अंतिम परीक्षेला ७५ टक्के भार असतो, आणि हजारोंच्या उत्तरांची तपासणी संगणकाने व्हायची म्हणून प्रश्न बहुतेक बहुपर्यायी. बहुपर्यायी प्रश्न स्थापत्याच्या सूत्राला चालतो. खुर्चीच्या आराखड्याला तो लावताच येत नाही, कारण तिथे चार पर्यायांपैकी एक बरोबर नसतो. चाळीस पर्यायांपैकी सात बरे असतात आणि ते का बरे आहेत हे बोलावे लागते. शिवाय मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची गळती भयंकर. एमआयटी आणि हार्वर्डच्या अशा अभ्यासक्रमांची आकडेवारी तपासून २०१९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात लेख आला होता. त्यानुसार २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे जेमतेम ३ टक्के होते.

मग डिझाइन शिकवले जाते तरी कसे? त्याचे सर्वांत बारकाईचे वर्णन अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या त्यांच्या पुस्तकात केले आहे. वास्तुकलेच्या वर्गातला प्रसंग आहे. विद्यार्थिनीचे नाव पेट्रा, शिक्षकाचे क्विस्ट; दोन्ही नावे बदललेली. पेट्राला उतारावर शाळेची इमारत बसवायची आहे आणि ती अडली आहे. इमारतीचा आकार जमिनीच्या उतारात काही केल्या बसत नाही. क्विस्ट तिचे म्हणणे ऐकून घेतात, मग तिच्या रेखाटनावर पारदर्शक कागद पसरतात आणि त्यावर रेषा ओढू लागतात. ओढता ओढता बोलत राहतात. इथे वर्ग पायरीपायरीने खाली उतरवले तर काय होईल, मग या भिंतीची उंची किती राहील, मुलांना इथून बाहेरचे काय दिसेल. एक रेषा काढली की तिच्यातून पुढचा प्रश्न निघतो. पेट्राचे चित्र खालून दिसत राहते, खोडले जात नाही. अडलेल्या कामावर जाणता माणूस कसा विचार करतो हे तिला हाताच्या हालचालीसकट दिसते.

डिझाइन शिक्षणातला गाभा तो हा. चित्रफितीतल्या व्याख्यानात शिक्षक स्वतःचे, आधीच जमलेले काम दाखवतो. स्टुडिओत तो तुमच्या न जमलेल्या कामावर बसतो. ऑनलाइन अभ्यासक्रमांत पहिली गोष्ट भरपूर झाली आणि दुसरी जवळजवळ राहूनच गेली. चित्रीकरण अधिक चकचकीत केल्याने ही उणीव भरून निघत नाही.

महाराष्ट्रातल्या शाळांत डिझाइन शिक्षणाची एक जुनी पायाभरणी आहे आणि डिझाइनवाले तिची फारशी आठवण काढत नाहीत. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा खेड्यापाड्यांतली मुले पिढ्यान्‌पिढ्या देत आली आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. आज पुष्कळ पालक दहावीच्या वाढीव गुणांसाठी मुलांना बसवतात हे खरे, पण वस्तुचित्राच्या पेपरात समोर ठेवलेल्या तांब्याकडे टक लावून बघितलेल्या मुलाला लंबगोल कुठून फुगतो आणि कुठे चपटा होतो हे कळलेले असते. आयआयटी मुंबई घेत असलेल्या ‘यूसीड’ या डिझाइन प्रवेशपरीक्षेतही चित्रकलेचा भाग आहे. सोनईच्या मुलाला आपण शाळेत यातले थोडे आधीच केले आहे हे कुणी सांगितलेले नसते, आणि डिझाइन म्हणजे संगणकावर करायचे काहीतरी असे समजून तो पेन्सिल बाजूला ठेवतो.

तांब्याचा विषय निघालाच आहे. अमेरिकन डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर फिरून १९५८ साली एक अहवाल दिला. त्यातूनच १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी लोट्याची केलेली वाखाणणी जगभरच्या डिझाइन वर्गांत वाचली जाते. लोट्याचा आकार ठरताना किती गोष्टींचा विचार पिढ्यान्‌पिढ्या झाला असेल, याची त्यांनी यादीच केली. पाणी किती मावावे, भांडे डोक्यावर, कमरेवर की हातात धरून न्यायचे, भरलेले असताना तोल कसा राहतो आणि रिकामे असताना कसा, ओतताना धार कशी पडते, घासताना हात आत जातो का, आपटले तर आवाज कसा येतो, मोडीत किती पैसे येतात.

ऑनलाइन अभ्यासक्रम हा उतारा वाचायला देतात आणि त्यावर प्रश्न विचारतात. सोनईच्या विद्यार्थ्याला मी वेगळे काम देईन. त्याच्या तालुक्याचे गाव नेवासा. प्रवरेकाठच्या त्या गावी डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. त्याआधी १९५०-५१ मध्ये याच जिल्ह्यात संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी खोदकाम झाले होते आणि तिथे सापडलेल्या भांड्यांवरून एका संपूर्ण संस्कृतीला जोर्वे हे नाव पडले. तिचा काळ सुमारे इसवी सनपूर्व १४०० ते ७००. नेवाशातही मिळालेली, चाकावर घडवलेली, पक्की भाजलेली तांबडी भांडी, त्यांवर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी. त्यांतले ओळखीचे भांडे म्हणजे तोटीचा घट. पसरट तोंड, मधे कंगोरा असलेले पोट आणि बाजूने निघालेली नळीसारखी तोटी. टिचकी मारली तर या भांड्यांतून धातूसारखा खणखणीत नाद येतो असे पुरातत्त्वज्ञ नमूद करतात. ईम्स यांच्या यादीतला आवाजाचा प्रश्न असा नेवाशाच्या मातीत तीन हजार वर्षे आधी सुटलेला होता.

आता काम असे. या घटाची छायाचित्रे पाहा, जमले तर पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जाऊन भांडे पाहा. मग शाडूच्या मातीत त्याच्या तीन छोट्या प्रतिकृती करा. एकीत तोटी वर, एकीत मधे, एकीत खाली. वाळल्या की आतून मेण लावा आणि पाणी ओतून बघा. तोटीचे तोंड घटाच्या काठाच्या पातळीहून खाली गेले की पाणी आपोआप सांडू लागते, म्हणजे घट तोटीपर्यंतच भरता येतो. ती जास्त वर गेली की ओतताना भांडे फार कलवावे लागते आणि पाणी पसरट तोंडातूनच बाहेर येते. तोटी अरुंद केली तर धार नेमकी पडते, पण आतून साफ कशी करणार? हे सगळे चार रुपयांच्या मातीत कळते आणि एकदा कळले की विसरत नाही. ही कसोटी पडद्यावर फिरणाऱ्या त्रिमिती चित्रात होत नाही, कारण तिथले पाणी ओले करत नाही.

अभ्यासक्रमातली कामे विद्यार्थ्याच्या परिसरातून घेतली की खोली आपोआप वाढते, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण भावनिक नाही. दूरच्या विषयावर काम करताना विद्यार्थी इंटरनेटवरून उत्तर उचलतो. जवळच्या विषयावर उचलायला उत्तरच नसते. ‘कॉफी मागवण्याचे ॲप’ हे काम हजारो ऑनलाइन विद्यार्थी करतात आणि सगळ्यांची पाने सारखी दिसतात. त्याऐवजी सोनईहून पाच-सहा किलोमीटरवरच्या शनि शिंगणापूरला जा. तिथल्या जुन्या घरांना चौकट असते, दाराची फळी नसते. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा उघडली तेव्हा एक अवघड प्रश्न उभा राहिला. बँकेला सुरक्षा हवी आणि गावाची श्रद्धा सांगते की कुलूप नको. शाखेला पारदर्शक प्रवेशद्वार केले गेले आणि सहज दिसणार नाही असे दूरनियंत्रित विद्युतचुंबकीय कुलूप बसवले गेले. हे उत्तर चांगले आहे का? कुलूप लपवले म्हणजे श्रद्धा राखली की नुसता वाद टाळला? गावकऱ्यांना काय वाटते, कर्मचाऱ्यांना काय वाटते, विमा देणाऱ्याला काय हवे असते? एका दारावर पंधरवडाभर काम करता येईल.

गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते. त्या रांगेशेजारी तासभर थांबून जुवाचा भार बैलाच्या मानेवर कसा येतो ते रेखाटा. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी जुवाला फिरत्या चाकाचा आधार देऊन हा भार हलका करण्याचा प्रयोग केला आणि त्याची छायाचित्रे देशभर फिरली. ती कल्पना कुठल्याही ऑनलाइन चित्रसंग्रहात सापडली नसती. ती गाडीशेजारी उभे राहिल्यावरच सुचते.

अक्षरांबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण आपल्याकडच्या फलकांचा जीव अक्षरांतच असतो आणि ऑनलाइन अभ्यासक्रम नेमके इथेच तोकडे पडतात. त्यांत शिकवली जाते ती रोमन अक्षरांची मांडणी. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर बसतात. देवनागरी शिरोरेखेला लटकते. तिला वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरांची शेपटे. रोमनसाठी ठरवलेले दोन ओळींमधले अंतर देवनागरीला जसेच्या तसे लावले की वरच्या ओळीतल्या ‘शुभेच्छुक’चे उकार खालच्या ओळीतल्या ‘सर्व कार्यकर्ते’च्या रफारांवर आदळतात. कुठलाही फ्लेक्स पाहा, ही टक्कर दिसेल. आयडीसीत शिकवलेले रघुनाथ कृष्ण जोशी यांनी ‘मंगल’ हा फाँट घडवला, तो भारतातल्या लाखो संगणकांवर पोहोचला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेले मुक्ता, बालू, मोदक हे फाँट आज विनामूल्य मिळतात. यांतला कोणता दुरून वाचायला बरा, कोणता सलग मजकुराला, कोणत्यात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात, हे पंचवीस फुटांवर कागद चिकटवून स्वतः तपासावे लागते. असा एक आठवडा मराठी अक्षरासाठी राखलेला ऑनलाइन अभ्यासक्रम पीएलपी फाईलवाल्या मुलाच्या कामात लगेच फरक पाडेल.

आता मूळ अडचणीकडे. इतक्या जणांचे काम बघणार कोण? २०१२ साली स्टॅनफर्डचे स्कॉट क्लेमर यांनी कोर्सेरा या ऑनलाइन मंचावर संगणक आणि माणूस यांच्यातल्या व्यवहाराच्या डिझाइनचा अभ्यासक्रम घेतला. चिन्मय कुलकर्णी आणि इतर सहकाऱ्यांनी त्यात विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे काम तपासण्याची पद्धत लावली आणि २०१३ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. विद्यार्थ्याने आधी शिक्षकांनी तपासलेला नमुना तपासायचा, आपली पारख जुळते का पाहायची, मग सोबत्यांचे काम आणि शेवटी स्वतःचे. गुण शिक्षकांच्या बऱ्यापैकी जवळ आले. आपल्याच देशातल्या सोबत्याला किंचित जास्त गुण देण्याची खोडही दिसली. याच गटाचे २०१५ चे काम मला जास्त महत्त्वाचे वाटते. अर्धवट कामावर चोवीस तासांच्या आत अभिप्राय मिळाला तर अंतिम काम सुधारते. उशिरा मिळाला तर फारसा उपयोग होत नाही, असे त्यात आढळले. वीस दिवसांनी येणारी ‘खूप छान, अजून प्रयत्न करा’ ही टिप्पणी विद्यार्थ्याच्या काही कामाची नाही, हे आता मोजून कळलेले आहे.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने २०१० मध्ये सुरू केलेल्या डिझाइनच्या पायाभूत अभ्यासक्रमात ऑनलाइन स्टुडिओ ठेवला. प्रत्येकाने आपले कच्चे काम तिथे लावायचे आणि इतरांचे बघायचे. सोबत्याची अडलेली पाने बघणे हेच मोठे शिक्षण असते. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या वर्गात शेजारच्या फळीवर नजर टाकून मुले जे शिकतात, तेच हे.

सोनईत हे कसे करता येईल? फिग्मासारखी साधने संगणक गृहीत धरतात आणि घरात असतो एक फोन, तोही कधी कधी दोघा भावंडांत मिळून. म्हणून काम कागदावर व्हावे आणि फोनवर फक्त त्याचा फोटो जावा. पवईतला किंवा पुण्यातला शिक्षक त्या फोटोवर बोटाने रेषा ओढत, मराठीत बोलत तीन मिनिटांची ध्वनिचित्रफीत परत पाठवू शकतो. ‘हे नाव तू इतके मोठे का केलेस? फोटोतला माणूस कुठे बघतोय? त्याची नजर फलकाच्या बाहेर जाते बघ. त्याला इकडे वळवला तर?’ क्विस्टचा पारदर्शक कागद तीन मिनिटांत, थोड्याशा डेटात गावात पोहोचतो. मग विद्यार्थ्याने दुसरा आराखडा करायचा आणि गुण द्यायचे ते पहिल्या व दुसऱ्या आराखड्यातल्या अंतराला. पहिला सुबक असला नि दुसरा त्याचीच नक्कल असला तर गुण कमी. हा एक नियम लावला की तयार फाईल उतरवून घेण्यात काही अर्थ उरत नाही, कारण उतरवलेल्या फाईलला दुसरा आराखडा नसतो.

आठवड्यातून एकदा समोरासमोर बसणेही हवे. त्याचा नमुना महाराष्ट्रात तयार आहे. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे काढली आणि तिथल्याच शिक्षकांना समंत्रक नेमले. पुस्तके घरी, शंका केंद्रावर. डिझाइनसाठी हा समंत्रक शाळेतला चित्रकलेचा शिक्षक असू शकतो. त्याला नवे सॉफ्टवेअर येत नसले तरी चालेल; वस्तूकडे बघायचे कसे आणि दहा मुलांची चित्रे भिंतीला लावून त्यांवर बोलायचे कसे, हे त्याला येते. फलक छापणारा दुकानदारही महिन्यातून एकदा बोलवावा. छपाईत कोणता रंग मरतो, उन्हात कोणता विटतो, कापड शिवताना कडेची किती जागा जाते, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसते.

हिशेब सोपा आहे. तीस विद्यार्थी, प्रत्येकाच्या कामावर आठवड्याला दहा मिनिटे, म्हणजे समंत्रकाचे पाच तास. शिवाय दूरच्या शिक्षकाच्या तीन-तीन मिनिटांच्या फिती, म्हणजे आणखी दीड तास. फोटो उघडणे, आधीचा आराखडा शोधणे धरून तीन. आठ तासांचे मानधन दर आठवड्याला कुणीतरी द्यावे लागेल. आज ऑनलाइन अभ्यासक्रमाचे अंदाजपत्रक करताना कॅमेरा, संकलन आणि संकेतस्थळ यांचे आकडे आधी मांडले जातात आणि अभिप्रायाचे काम विद्यार्थ्यांच्या आपसातल्या चर्चेवर सोडले जाते. विद्यापीठांनी आणि ‘स्वयम्’ चालवणाऱ्यांनी हे आठ तास अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहावेत आणि व्याख्यानांची संख्या त्यातून उरेल त्या पैशांत बसवावी. व्याख्याने निम्मी झाली तरी चालतील. जी चांगली आहेत ती ‘डी’सोर्स’वर आणि इतरत्र आधीच पडून आहेत.